आचार्य प्रफुल्लचंद्र राय

पूर्वी आपल्या देशात शिष्य गुरूच्या घरी राहून विद्या संपादन करीत असत. पुढे शाळा-महाविद्यालये निघाली आणि गुरूचे घर व शिष्याचा वर्ग यांची फारकत झाली. विसाव्या शतकात कोलकात्यातील एका थोर रसायनशास्त्रज्ञाने विद्यार्थ्यांच्या सहवासातच आपला संसार मांडला. ते म्हणजे आचार्य प्रफुल्लचंद्र राय.

प्रफुल्लचंद्रांचा जन्म २ ऑगस्ट १८६१ रोजी आजच्या बांगलादेशातील राडुली या गावी झाला. मुलांच्या शिक्षणासाठी वडील १८७० मध्ये कुटुंबासह कोलकात्यास आले. प्रफुल्लचंद्र हेअर स्कूलमध्ये शिकू लागले. परंतु १८७४ मध्ये त्यांना आमांशाचा तीव्र विकार जडला आणि शाळा सुटली. सुमारे दोन वर्षे ते घरीच होते. त्या काळात वडिलांचा ग्रंथसंग्रह हीच त्यांची शाळा झाली. त्यांनी थोरांची चरित्रे वाचली, इतिहास वाचला, लॅटिन भाषेचा अभ्यासही स्वतःच सुरू केला. प्रकृती सावरल्यावर त्यांनी पुन्हा शाळेत नाव घातले. शाळा सुटली तरी शिक्षण सुटत नाही, हे त्यांनी कोवळ्या वयातच अनुभवले.

पुढे ईश्वरचंद्र विद्यासागरांच्या मेट्रोपॉलिटन इन्स्टिट्यूशनमध्ये ते शिकू लागले. रसायनशास्त्राच्या व्याख्यानांसाठी ते प्रेसिडेन्सी महाविद्यालयात जात. वर्गात पाहिलेले प्रयोग स्वतः करून पाहण्याची त्यांना ओढ लागली. एका सहाध्यायाच्या बिऱ्हाडी दोघांनी मिळून छोटी प्रयोगशाळा थाटली. एकदा तेथे मोठा स्फोट झाला. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही. सोबत्याच्या खोलीतील त्या धडपडीतून त्यांची शास्त्राशी खरी मैत्री जुळली.

गिलख्राइस्ट शिष्यवृत्ती मिळवून १८८२ मध्ये ते एडिंबरोस गेले. १८८७ मध्ये तेथे त्यांनी डॉक्टर ऑफ सायन्स ही पदवी संपादन केली. मायदेशी परतल्यावर मात्र वरच्या श्रेणीच्या शिक्षणसेवेचे दार त्यांना बंद होते. त्या श्रेणीत बहुतेक इंग्रजांचीच वर्णी लागे. अखेर १८८९ मध्ये प्रेसिडेन्सी महाविद्यालयात दरमहा २५० रुपयांवर ते रुजू झाले.

महाविद्यालयात नव्याने आलेल्या विद्यार्थ्यांना शिकवणे हे काम थोर प्राध्यापक सहसा कनिष्ठांवर सोपवीत. प्रफुल्लचंद्र ते आवडीने स्वतःकडे घेत. कोवळ्या मनावर पडलेला संस्कार टिकतो, अशी त्यांची धारणा होती. हाड जाळून उरलेली राख हे शुद्ध रासायनिक द्रव्य असते, हे पटवण्यासाठी ते वर्गासमोर तिची चिमूट स्वतःच्या तोंडात टाकीत. मुले चकित होत आणि धडा कायमचा लक्षात राही.

त्या काळी कोलकात्याच्या वसतिगृहांतही जातिभेद शिरला होता. पुढे जगद्विख्यात झालेले मेघनाद साहा १९११ मध्ये प्रेसिडेन्सी महाविद्यालयात आले, तेव्हा पंक्तीला त्यांच्यासोबत जेवण्यास वसतिगृहातील काही विद्यार्थ्यांनी हरकत घेतली. प्रफुल्लचंद्रांच्या प्रयोगशाळेत मात्र अशा पंक्ती नव्हत्या. साहा, सत्येंद्रनाथ बोस, ज्ञानचंद्र घोष असे गुणी विद्यार्थी त्यांच्या हाताखाली शिकले.

प्रफुल्लचंद्र अविवाहित होते आणि त्यांची राहणी अत्यंत साधी होती. १९०२ मध्ये महात्मा गांधी कोलकात्यात गोपाळ कृष्ण गोखले यांच्याकडे राहिले होते. आपल्या या शेजाऱ्याचा परिचय करून देताना गोखल्यांनी सांगितले, की हे गृहस्थ ८०० रुपये पगारातील केवळ ४० रुपये स्वतःसाठी ठेवतात आणि बाकीचे लोककार्याला देतात. शिकलेल्या तरुणांना उद्योग मिळावा म्हणून त्यांनी बेंगॉल केमिकल हा औषधनिर्मितीचा कारखानाही उभा केला होता.

१९१६ मध्ये प्रेसिडेन्सी महाविद्यालयातून निवृत्त होऊन ते कोलकाता विद्यापीठाच्या सायन्स कॉलेजात आले. तेथीलच एक खोली त्यांचे घर झाली. लोखंडी खाट, लहानसे टेबल, खुर्ची आणि पुस्तकांनी भरलेले कपाट, एवढाच त्यांचा प्रपंच होता. काही गरीब विद्यार्थी त्यांच्यासोबतच राहत. सकाळी प्रयोगशाळा आणि संध्याकाळी मैदानावर विद्यार्थ्यांसोबत फेरफटका, असा त्यांचा क्रम असे. १९२२ मध्ये उत्तर बंगालात महापूर आला, तेव्हा सायन्स कॉलेज हेच मदतकार्याचे केंद्र बनले आणि अनेक विद्यार्थी त्यांच्या हाकेसरशी कामाला लागले. समाजाचे ऋण कसे फेडावे, हे त्यांना कोणत्याही व्याख्यानाशिवाय समजले.

१९२१ मध्ये वयाची साठ वर्षे पूर्ण होताच प्रफुल्लचंद्रांनी आपला पुढील सर्व पगार विद्यापीठाला अर्पण केला. १९३६ पर्यंत ते अध्यापन करीत राहिले. १६ जून १९४४ रोजी सायन्स कॉलेजातील त्याच खोलीत त्यांची प्राणज्योत मालवली. स्वतःचे घर त्यांनी बांधले नाही, संपत्ती साठवली नाही. त्यांनी घडवलेले विद्यार्थी देशभरातील विद्यापीठांत आणि प्रयोगशाळांत गेले, आणि आचार्यांकडून मिळालेले ज्ञान त्यांनी पुढच्या पिढीच्या हाती दिले.