पाद्री जॉन मिशेल

आमच्या गोंदियाच्या बाजारांत धान तागडींत घालून तोलतात. परंतु जी वस्तु तागडींत मावत नाहीं, इतकेंच नव्हे तर डोळ्यांस दिसतही नाहीं, तिचें वजन कसें करावें? याचा मार्ग इंग्लंडांतील एका खेडेगांवच्या धर्मोपदेशकांनीं दाखविला. त्यांचें चरित्र आम्ही वाचकांस थोडक्यांत सादर करितों.

जॉन मिशेल यांचा जन्म इ. स. १७२४ मध्यें नॉटिंगहॅमशायर परगण्यांत झाला. केंब्रिज येथें अध्ययन व अध्यापन केल्यावर इ. स. १७६७ मध्यें ते यॉर्कशायरमधील थॉर्नहिल गांवीं पाद्री झाले व अखेरपर्यंत तेथेंच राहिले. धर्मकार्य सांभाळून त्यांनीं चुंबक, भूकंप, जोडतारे अशा अनेक विषयांचा व्यासंग केला.

इ. स. १७८३ मध्यें त्यांनीं आपले मित्र हेन्री कॅव्हेंडिश यांस एक पत्र लिहिलें. सूर्याइतक्याच घनतेचा, परंतु व्यासानें सुमारें ५०० पट मोठा तारा असेल, तर त्याच्या आकर्षणांतून प्रकाशही सुटणार नाहीं, असें त्यांनीं गणितानें दाखविलें. मग असा तारा ओळखावा कसा? त्याच्याभोंवतीं फिरणाऱ्या तेजस्वी सोबत्याच्या गतीवरून, हें त्यांचें उत्तर होतें. प्रकाशकणांची गति आकर्षणानें मंदावते, ही त्यांची समजूत पुढें टिकली नाहीं. युक्ति मात्र टिकली.

पृथ्वीचें वजन करण्यासाठीं त्यांनीं धातूच्या बारीक तारेस टांगलेल्या दांडीचें एक यंत्र रचिलें; परंतु प्रयोग करण्यापूर्वींच इ. स. १७९३ मध्यें त्यांस देवाज्ञा झाली. कॅव्हेंडिश यांनीं तें यंत्र सुधारून इ. स. १७९८ मध्यें पृथ्वीची घनता पाण्याच्या सुमारें साडेपांच पट ठरविली व कल्पनेचें श्रेय मिशेल यांस दिलें. अदृश्य ताऱ्याचा विचार मात्र विस्मृतींत गेला. तो विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत पुन्हां उजेडांत आला.

ज्यांच्या केंद्रांतून प्रचंड तेज बाहेर पडतें, अशा सक्रिय दीर्घिकांतील कृष्णविवरें आज याच मार्गानें तोलतात. भोंवतीं फिरणाऱ्या वायूचा वेग वर्णपटावरून मोजतात व केंद्रापासून त्याचें अंतर ठरवितात. अंतर तेंच असून वेग दुप्पट भरला, तर वस्तुमान चौपट निघतें. एनजीसी ४२५८ या दीर्घिकेंत पाण्याची वाफ सेकंदास सुमारें १,००० किलोमीटर वेगानें फिरते, असें इ. स. १९९५ मध्यें प्रसिद्ध झालें. त्यावरून तेथील कृष्णविवर सुमारें ४ कोटी सूर्यांइतकें भरलें.

बिरसीसारख्या खेड्यांत राहून मोठा विचार होत नाहीं, असें ज्या विद्यार्थ्यांस वाटेल, त्यांनीं थॉर्नहिलच्या या पाद्रीसाहेबांचें स्मरण करावें. पेरणाऱ्याच्या हयातींतच पीक हातीं येतें असें नाहीं; म्हणून कोणी पेरणी सोडीत नाहीं.