गावाचा पैसा, गावाची सत्ता आणि बाबासाहेब

१४ एप्रिलला आणि ६ डिसेंबरला आपण बाबासाहेबांना घटनाकार म्हणून आठवतो, मुक्तिदाता म्हणून आठवतो, धम्मक्रांतीचे प्रवर्तक म्हणून आठवतो. हे योग्यच आहे. पण त्यांच्या आयुष्यातला एक धागा असा आहे, जो आपल्या तालुक्यातल्या तरुण कार्यकर्त्यांच्या रोजच्या कामाशी थेट जोडलेला असूनही जयंतीच्या भाषणात क्वचितच येतो. सरकारचा पैसा वरून खाली कसा येतो, तो कोणाच्या हातात पडतो आणि कोणत्या वस्तीपर्यंत पोचतो, हा प्रश्न बाबासाहेबांनी विद्यार्थी असल्यापासून शेवटच्या वर्षापर्यंत सोडला नाही. त्यांचे चरित्र या बाजूने वाचले तर ते आपल्या ग्रामपंचायतीच्या दारापर्यंत येते.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे त्यांचा जन्म झाला. वडील रामजी सकपाळ लष्करातून निवृत्त झाल्यावर कुटुंब पुढे साताऱ्यात राहिले. रामजींना खटाव तालुक्यातल्या गोरेगाव येथे रोखपालाची नोकरी मिळाली. दुष्काळात होरपळलेल्या लोकांना काम मिळावे म्हणून सरकार तिथे तलाव खोदत होते. १९०१ च्या उन्हाळ्यात भीमराव भावंडांसोबत वडिलांना भेटायला निघाले. मसूर स्टेशनवर उतरल्यावर त्यांची जात कळली आणि गाडीवान मिळेना. कशीबशी गाडी मिळाली, पण वाटेत कोणी प्यायला पाणी दिले नाही. बाप सरकारी तलावाच्या कामावर पैशाचा हिशेब ठेवतो आणि लेकरे पाण्यावाचून रात्र काढतात, अशी ती स्थिती होती. सार्वजनिक पैशातून काम उभे राहिले तरी त्याचा लाभ जातीच्या भिंतीपाशी अडतो, हे त्यांनी अर्थशास्त्राचे पुस्तक उघडण्याच्या आधीच भोगले होते.

बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथे त्यांनी निवडलेले विषय पाहण्यासारखे आहेत. १९१५ च्या एम.ए. साठी त्यांनी ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार आणि वित्तव्यवस्था अभ्यासली. पुढच्या संशोधनातून १९२५ मध्ये लंडनहून त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्तव्यवस्था कशी घडत गेली, हा त्याचा विषय. त्यांचे प्राध्यापक सेलिग्मन यांनी त्याला प्रस्तावना लिहिली आणि बाबासाहेबांनी तो सयाजीरावांना अर्पण केला.

या ग्रंथातला मुद्दा सोप्या भाषेत सांगता येतो. १८३३ नंतर देशाचा सगळा महसूल केंद्राच्या तिजोरीत जाऊ लागला. खर्च मात्र प्रांत करत. कर गोळा करणाऱ्याला गरज कळत नव्हती आणि खर्च करणाऱ्याला काटकसरीची फिकीर नव्हती. तिजोरीत तूट वाढत गेली. शेवटी १८७०-७१ मध्ये लॉर्ड मेयोने तुरुंग, पोलीस, शिक्षण, दवाखाने, रस्ते अशी काही खाती ठरावीक रकमेसह प्रांतांकडे सोपवली. १८७७ पासून प्रांतांना काही उत्पन्नाची साधने नेमून दिली गेली आणि १८८२ पासून केंद्र व प्रांत महसूल वाटून घेऊ लागले. वरवर पाहता हे विकेंद्रीकरण होते. बाबासाहेबांनी दाखवून दिले की खरी सूत्रे केंद्राच्याच हातात राहिली आणि जनतेला जाब देण्याची बांधिलकी कोणावरच आली नाही. पैसा खाली सरकला म्हणजे सत्ता खाली सरकली असे होत नाही, हा त्या अभ्यासाचा अर्थ आम्ही घेतो.

१९१८ मध्ये त्यांनी लहान शेतजमिनींच्या प्रश्नावर निबंध लिहिला. जमिनीचे तुकडे झाले म्हणून शेती बुडते, ते तुकडे एकत्र केले की झाले, असे त्या काळी अनेक जाणकार सांगत. बाबासाहेबांनी प्रश्न वेगळा मांडला. जमीन किती एकर आहे यावर सगळे ठरत नाही. तिच्यात घालायला भांडवल, बैल, अवजारे किती आहेत यावर ठरते. शिवाय शेतीवर गरजेपेक्षा जास्त माणसे अवलंबून आहेत, कारण दुसरे काम नाही. म्हणून त्यांनी उपाय म्हणून औद्योगिकीकरणाकडे बोट दाखवले. आज केळापूर, घाटंजी, मारेगावच्या कोरडवाहू वावरात उभे राहून हा निबंध वाचला तर तो शंभर वर्षांपूर्वीचा वाटत नाही. आमच्याकडे कापूस पिकतो, खेडा खरेदीत व्यापाऱ्याच्या काट्यावर जातो, जिनिंगमध्ये सरकी वेगळी होते आणि गाठी बाहेर निघून जातात. सूत आणि कापड दुसरीकडे तयार होते, मजुरीही दुसऱ्यालाच मिळते. नागपूर-हैदराबाद महामार्ग पांढरकवड्यावरून जातो, पण त्या रस्त्याने आमची पोरे कामाच्या शोधात बाहेर जातात.

१९२३ मध्ये परतल्यावर बाबासाहेबांनी हा अभ्यास कपाटात ठेवला नाही. महाडचा लढा आपल्याला पाठ आहे, पण तो स्थानिक स्वराज्य संस्थेच्या ठरावाच्या अंमलबजावणीचाही लढा होता हे आपण विसरतो. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळाने रावबहादूर बोले यांचा ठराव मंजूर केला. सार्वजनिक पैशातून बांधलेल्या पाणवठ्यांचा, शाळांचा, दवाखान्यांचा वापर अस्पृश्यांना खुला झाला. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले करण्याचा ठरावही केला. तीन वर्षे तो कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो लोकांसह तळ्यावर गेले तेव्हा त्या ठरावाला अर्थ आला. त्याच वर्षी ४ ऑगस्टला नगरपालिकेने तो ठराव मागे घेतला. पुढे न्यायालयीन लढाई चालली आणि १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागला. ठराव होणे आणि ठराव अमलात येणे यात केवढे अंतर असते, हे ग्रामसभेत बसणाऱ्या कोणालाही वेगळे सांगावे लागणार नाही.

याच अनुभवातून त्यांची १९३२ ची भूमिका समजते. मुंबई कायदेमंडळात ग्रामपंचायत विधेयक आले तेव्हा गावाला अधिकार मिळणार म्हणून अनेकांनी त्याचे स्वागत केले. बाबासाहेबांनी ६ ऑक्टोबरला त्यावर कडक टीका केली. प्रौढ मताधिकार आणि अस्पृश्यांसाठी राखीव जागा नसतील तर पंचायत म्हणजे गावातल्या प्रबळ जातीच्या हाती दिलेली नवी काठी ठरेल, असे त्यांचे म्हणणे होते. अशा पंचायतीला न्यायदानाचे अधिकार देण्यालाही त्यांचा विरोध होता.

१९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. पुढच्या वर्षी ते कायदेमंडळात निवडून आले आणि सप्टेंबर १९३७ मध्ये खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. कोकणात सरकार आणि कूळ यांच्या मध्ये खोत बसलेला असे. महसूल त्याच्या हातून जाई आणि कुळाचे रक्त तो शोषे. १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा कायदेमंडळावर गेला. त्यात महारांसोबत कुणबी आणि इतर जातींची कुळेही होती. मधला दलाल हटल्याशिवाय गरिबाचा विकास होत नाही आणि त्यासाठी गरिबांनी जातीपलीकडे एकत्र यावे लागते, ही त्या मोर्चाची शिकवण आहे.

१९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. पाटबंधारे आणि वीज हे विषय त्यांच्याकडे होते. १९४३ च्या दामोदर नदीच्या पुरानंतर पूरनियंत्रण, सिंचन, वीज आणि जलवाहतूक एकत्र साधणाऱ्या खोरेनिहाय योजनेचा त्यांनी पाठपुरावा केला. १९४५ मध्ये केंद्रीय जलमार्ग, सिंचन व नौकानयन आयोग उभा राहिला. महानदीच्या प्रश्नावर कटकला झालेल्या परिषदेचे ते अध्यक्ष होते. एका नदीचा विचार एका प्रांताच्या हद्दीत बसून करता येत नाही, ही दृष्टी त्यांनी दिली.

संविधान सभेत ४ नोव्हेंबर १९४८ रोजी त्यांनी खेड्यांच्या गौरवावर टीका केली, त्यामुळे अनेक सदस्य नाराज झाले. तरीही त्याच महिन्यात के. संथानम यांनी ग्रामपंचायतींबाबतची दुरुस्ती आणली तेव्हा बाबासाहेबांनी ती स्वीकारली. तेच आजचे कलम ४०. यात विसंगती आहे असे काही जण म्हणतात. आम्हाला तसे वाटत नाही. गावाला अधिकार देण्याला त्यांची हरकत नव्हती. व्यक्तीच्या हक्काचे संरक्षण न करता गावाच्या बलवानांना अधिकार देण्याला त्यांची हरकत होती. याच संविधानात कलम २८० ने वित्त आयोग आला. केंद्राचा पैसा राज्यांना कसा वाटायचा हा प्रश्न, म्हणजे त्यांच्या तरुणपणीच्या प्रबंधाचाच विषय. आज आपल्या गावात सगळे ज्याला नुसते पंधरावा वित्त म्हणतात तो निधी याच कलमाच्या वाटेने ग्रामपंचायतीत आला.

मंत्रिपदाचा राजीनामा दिल्यानंतर १९५४ मध्ये ते आपल्या विदर्भातून, भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि हरले. १९५५ च्या अखेरीस भाषावार राज्यांवरचे त्यांचे पुस्तक आले. १९४८ मध्ये त्यांनी भाषावार प्रांत आयोगापुढे मुंबईसह महाराष्ट्राची बाजू मांडली होती. आता त्यांनी मराठी मुलखाची चार राज्ये सुचवली: मुंबई, पश्चिम, मध्य आणि पूर्व महाराष्ट्र. आपला यवतमाळ जिल्हा पूर्व महाराष्ट्रात येत होता. मोठ्या राज्यात मोठ्या जाती आणि पुढारलेले प्रदेश बाकीच्यांना दाबतात, मागासलेल्या भागाला न्याय मिळत नाही, ही त्यांची काळजी होती. पुढच्या वर्षी १४ ऑक्टोबरला नागपुरात आणि १६ ऑक्टोबरला चंद्रपुरात त्यांनी धम्मदीक्षा दिली. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

ती काळजी किती खरी होती हे नंतर दिसले. १९५३ च्या नागपूर कराराने आणि घटनेच्या कलम ३७१(२) ने विदर्भाला समान वाटपाचे आश्वासन दिले होते. १९८४ मध्ये दांडेकर समितीने राज्याचा अनुशेष सुमारे ३,१८७ कोटी रुपये काढला. त्यातला सुमारे ३९ टक्के एकट्या विदर्भाचा होता. विकास मंडळे १९९४ मध्ये आली आणि त्यांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. वेगळे विदर्भ हवे की नको यावर आपल्यात मतभेद असतील. पण नागपूरला राजधानी झाली म्हणून पांढरकवड्याच्या शेवटच्या वस्तीत नाली होईलच असे नाही. बाबासाहेबांचा प्रश्न राज्याच्या पातळीवर लागू आहे तसाच तो जिल्हा परिषदेला आणि ग्रामपंचायतीलाही लागू आहे.

आज आपल्या हातात १९३२ पेक्षा बरेच काही आहे. ७३ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून राखीव जागा आल्या, म्हणजे बाबासाहेबांची मागणी साठ वर्षांनी मान्य झाली. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातला १५ टक्के खर्च मागासवर्गीयांसाठी करायचा आहे. अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्त्यांच्या विकासाची योजना जिल्हा परिषदेमार्फत चालते. केळापूर तालुक्यातली अनेक गावे अनुसूचित क्षेत्रात येतात; तिथे पेसा कायद्याने ग्रामसभेला विशेष अधिकार आहेत आणि सरपंचपद आदिवासींसाठी राखीव असते. काही ठिकाणी यावरून आपल्या पोरांच्या मनात कुरबुर दिसते. आम्ही त्यांना खोतीविरोधी मोर्चाची आठवण देतो. कोलाम पोडावर पाणी नाही आणि बौद्ध वस्तीत नाली नाही, ही दोन्ही दुखणी एकाच हिशेबाच्या वहीत सापडतात. ती वही उघडायला गोंड, कोलाम आणि बौद्ध पोरांनी सोबत जायला पाहिजे.

आम्ही गावोगावी फिरतो तेव्हा एक चित्र वारंवार दिसते. जयंतीची वर्गणी चोख जमते, विहाराचा रंग दरवर्षी नवा होतो, पण ग्रामसभेत आपल्या वस्तीतले चार लोकही नसतात. राखीव जागेवर निवडून आलेली आपली ताई सहीपुरती असते आणि कारभार दुसराच पाहतो. १५ टक्के निधी कशावर खर्च झाला हे विचारणारा कोणी नसतो. मग समाजमंदिराला एकदा रंग दिला की वर्षभराचा हिशेब मिटतो.

म्हणून आमचे तरुणांना सांगणे आहे. येत्या ग्रामसभेला वस्तीतल्या बायांसह जा. विकास आराखड्यात आपल्या वस्तीचे काम लिहून घ्या आणि ठरावाची नक्कल मागा. मागासवर्गीय निधीचा तीन वर्षांचा जमाखर्च लेखी मागा, मिळाला नाही तर माहितीच्या अधिकारात मागा. निवडून आलेल्या आपल्या सदस्य ताईच्या शेजारी बसून तिला अंदाजपत्रक वाचायला मदत करा, तिच्या जागी बोलू नका. विहारात आठवड्यातून एक संध्याकाळ या कामासाठी ठेवा. चवदार तळ्याचा ठराव कागदावरून पाण्यापर्यंत नेणाऱ्या माणसाचे आपण अनुयायी आहोत. आपल्या ग्रामपंचायतीच्या कपाटातही असे कितीतरी ठराव पडून आहेत.

जय भीम! नमो बुद्धाय!