पुण्याची शिल्लक

कर्तव्याहून अधिक केलेलें सत्कर्म देवाच्या दप्तरीं जमा होतें काय, हा प्रश्न मार्टिन ल्यूथर ह्यानें स्वतः आचरून पाहिला. जर्मनींतील आइस्लेबेन येथें १४८३ सालीं जन्मलेला हा पुरुष १५०५ मध्यें वादळांत नवस बोलून एर्फुर्टच्या मठांत शिरला. उपासतापास व जागरणें ह्यांनीं त्यानें देह झिजविला. परंतु मनास शांति लाभली नाहीं. ख्रिस्त व संत ह्यांच्या अधिक पुण्याचा एक निधि असून, त्यांतून पोप इतरांच्या पापाचा दंड माफ करूं शकतो, अशी रोमच्या धर्मपीठाची शिकवण होती. त्या माफीचीं पत्रें द्रव्य घेऊन दिलीं जाऊं लागलीं, तेव्हां १५१७ त ल्यूथरनें विटेनबर्ग येथें ९५ कलमें मांडलीं. संतांपाशींहि शिल्लक पुण्य नाहीं, मनुष्य केवळ विश्वासानें नीतिमान ठरतो, असें त्याचें मत झालें. १५२१ त वर्म्स येथें बादशहासमोरहि तो डगमगला नाहीं. १५४६ त जन्मगांवींच तो वारला. पुण्यनिधीचें तत्त्व रोमनें सोडलें नाहीं. तरी त्यांतील द्रव्यलोभाचा व्यवहार ट्रेंटच्या धर्मसभेनें १५६३ त निषिद्ध केला. ल्यूथरनें सत्कर्माचा त्याग शिकविला नाहीं. शेजाऱ्याची सेवा करावी, तिचा मोबदला देवाकडे मागूं नये, एवढेंच त्याचें सांगणें. दानाबरोबर पुण्याचा हिशेब मांडणाऱ्या कोणत्याहि धर्माच्या मनुष्यानें हें चरित्र अवश्य ध्यानीं घ्यावें.