कॅमेऱ्याचा ध्यास

(भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून दादासाहेब फाळके यांना सारा देश ओळखतो. त्यांच्या कष्टांची आणि जिद्दीची ओळख या पाठात करून दिली आहे.)

मुंबईच्या उपनगरात अंधेरी आणि बोरिवली यांच्या मध्ये गोरेगाव आहे. गोरेगावच्या पूर्वेला, डोंगर आणि झाडी यांच्या कुशीत एक मोठी चित्रनगरी आहे. तेथे कधी राजवाडा उभा राहतो, तर कधी खेड्यातली गल्ली. काम संपले की तो राजवाडाही मोडतात आणि ती गल्लीही. ही चित्रनगरी १९७७ साली सुरू झाली. आज तिला दादासाहेब फाळके यांचे नाव आहे. परंतु दादासाहेबांनी आपला पहिला चित्रपट काढला, तेव्हा त्यांच्याजवळ अशी कोणतीही जागा नव्हती. त्यांचे राहते घर हीच त्यांची चित्रनगरी होती.

दादासाहेबांचे खरे नाव धुंडिराज गोविंद फाळके. त्यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वर येथे झाला. वडील संस्कृतचे पंडित होते. मुलानेही शास्त्री व्हावे अशी घरची पद्धत होती. पण धुंडिराजचे मन चित्रे काढण्यात आणि नाटकाच्या खेळात रमे. वडिलांना मुंबईत शिक्षकाची नोकरी मिळाली आणि सारे कुटुंब मुंबईत आले. १८८५ साली धुंडिराज सर जे. जे. कलाशाळेत दाखल झाला. पुढे बडोद्याच्या कलाभवनात तो चित्रकला शिकला. तेथेच १८९० साली त्याने एक कॅमेरा विकत घेतला. त्या दिवसापासून कॅमेरा त्याचा जन्माचा सोबती झाला.

त्या काळी छायाचित्र काढणे आजच्यासारखे सोपे नव्हते. कॅमेरा जड असे. काचेवर चित्र उमटवावे लागे. मग अंधारखोलीत बसून ती काच औषधी पाण्यात धुवावी लागे. जरा उजेड आत शिरला, की सारी मेहनत वाया जाई. धुंडिराज हे सारे चिकाटीने शिकला. रतलामला जाऊन त्याने रंगीत छपाईचे ठसे तयार करण्याची कलाही आत्मसात केली.

आता धुंडिराजचे दादासाहेब झाले होते. पोट भरण्यासाठी त्यांनी गुजरातमधील गोध्रा या गावी छायाचित्रांचे दुकान काढले. काम नुकते सुरू झाले होते, तोच गावात प्लेगची साथ आली. त्या साथीत त्यांची पत्नी आणि लहान मूल दोघेही दगावली. दुकान बंद करून दादासाहेब बडोद्याला परतले. तेथेही अडचण होतीच. कॅमेरा माणसाच्या अंगातली शक्ती ओढून घेतो आणि त्याचे आयुष्य कमी करतो, अशी समजूत लोकांत होती. त्यामुळे लोक कॅमेऱ्यासमोर बसायलाच तयार होत नसत. दादासाहेबांचे मन खचले नाही. ते जादूचे खेळ शिकले. आपल्या नावाची अक्षरे उलटी करून त्यांनी प्रोफेसर केल्फा असे नाव घेतले आणि या नावाने ते जादूचे प्रयोग करू लागले.

पुढे त्यांचा दुसरा विवाह झाला. पत्नीचे नाव सरस्वतीबाई. दादासाहेबांनी काही काळ सरकारच्या पुरातत्त्व खात्यात छायाचित्रे काढण्याची नोकरी केली. पण नोकरीत त्यांचे मन रमेना. ती सोडून ते छपाईच्या धंद्यात शिरले. प्रसिद्ध चित्रकार राजा रविवर्मा यांचा छापखाना पूर्वी घाटकोपरला होता. नंतर तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. या छापखान्यासाठी दादासाहेबांनी काम केले. मग दादरला त्यांचा स्वतःचा छापखाना उभा राहिला. रंगीत छपाईची यंत्रे आणण्यासाठी ते १९०९ साली जर्मनीलाही जाऊन आले. परंतु भागीदारांशी पटेना, म्हणून चालता धंदा सोडून ते रिकाम्या हाताने बाहेर पडले.

याच सुमारास त्यांनी गिरगावातील एका तंबूत येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहिला. पडद्यावर माणसे चालत होती, हसत होती, रडत होती. ते पाहून दादासाहेब भारावून गेले. आपल्या देशातील कथा अशा पडद्यावर का दिसू नयेत, हा एकच विचार त्यांच्या मनात घोळू लागला. दुसऱ्या खेळाला ते सरस्वतीबाईंनाही घेऊन गेले.

मग वाचन आणि अभ्यास सुरू झाला. चित्रपटावरची पुस्तके, यंत्रांची माहितीपत्रके, इंग्लंडहून येणारे बायोस्कोप नावाचे साप्ताहिक, जे मिळेल ते दादासाहेब वाचून काढत. दिवसा चित्रपट पाहायचे, घरी आल्यावर वाचायचे आणि लहानशा यंत्रावर फिल्मचे तुकडे चालवून पाहायचे, असा त्यांचा क्रम झाला. झोपेला जेमतेम तीन तास मिळत. याचा परिणाम डोळ्यांवर झाला. डोळे सुजले आणि एके दिवशी त्यांना दिसेनासे झाले. ज्याचे सारे काम प्रकाशाचे, त्याच्याच डोळ्यांपुढे अंधार पसरला! घरात मुले लहान, कमाई बंद. लोक त्यांना वेडा म्हणू लागले. परंतु एका निष्णात डॉक्टरांच्या उपचारांनी त्यांची दृष्टी परत आली. दृष्टी येताच त्यांनी पुन्हा तेच काम हाती घेतले.

चित्रपटाची विद्या नीट शिकायची, तर इंग्लंडला जाणे भाग होते. दादासाहेबांनी विम्याची पॉलिसी गहाण ठेवून पैसे उभे केले. १९१२ च्या फेब्रुवारी महिन्यात ते लंडनला निघाले. तेथे त्यांच्या ओळखीचे कोणी नव्हते. रस्त्यात त्यांना बायोस्कोप साप्ताहिकाची पाटी दिसली. इतके दिवस घरी वाचलेले नाव समोर पाहून ते सरळ आत गेले आणि संपादकांना भेटले. संपादकांनी आधी त्यांना या धंद्यातले धोके सांगितले. पण त्यांची जिद्द पाहून मदतही केली. त्यांच्यामुळे दादासाहेबांना तेथील एका चित्रपटगृहस्थांचा स्टुडिओ आतून पाहता आला. विल्यमसन कंपनीचा कॅमेरा खरेदी करून ते एप्रिलमध्ये मुंबईला परतले.

आता भांडवल हवे होते. आपल्याला ही कला येते, हे लोकांना पटवायला हवे होते. दादासाहेबांनी एक साधी युक्ती केली. कुंडीत एक वाटाणा पेरला आणि समोर कॅमेरा रोखून ठेवला. रोज थोडी थोडी फिल्म घेत त्यांनी जवळजवळ महिनाभर वाट पाहिली. ती फिल्म पडद्यावर चालवली, तेव्हा पाहणाऱ्यांनी तोंडात बोटे घातली. पाहता पाहता दाण्याला कोंब फुटला आणि त्याचे रोप झाले! तो छोटा चित्रपट पाहून काही जण कर्ज द्यायला तयार झाले. सरस्वतीबाईंनीही आपले दागिने पुढे केले.

दादरच्या घरी काम सुरू झाले. त्या वेळी कोऱ्या फिल्मला कडेची भोके पाडलेली नसत. ती अंधारात, हाताने चालणाऱ्या यंत्रावर पाडावी लागत. घरकाम आटोपल्यावर सरस्वतीबाई रात्री हे काम करीत. दिवसा त्या साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक करीत आणि चित्रीकरणाच्या वेळी उन्हात पांढरी चादर धरून उभ्या राहत. चादरीवरून उजेड नटांच्या चेहऱ्यावर पडे. पडद्यामागे काम करणारी ही पहिली भारतीय स्त्री म्हणावी लागेल.

चित्रपट होता राजा हरिश्चंद्र. स्त्रियांनी पडद्यावर येणे तेव्हा कमीपणाचे मानले जाई. राणी तारामतीच्या कामासाठी एकही स्त्री मिळेना. शेवटी ग्रँट रोडवरील एका उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके या तरुणाला राणी बनवले. राजपुत्राचे काम दादासाहेबांचा मुलगा भालचंद्र याने केले.

बाहेरची दृश्ये घेण्यासाठी मंडळी वांगणी या खेड्यात गेली. त्या वेळची एक हकिकत सांगतात. ढाली-तलवारी घेतलेली माणसे पाहून गावकरी घाबरले. दरोडेखोर आले असे समजून त्यांनी पोलिसांना खबर दिली आणि सारी मंडळी पकडली गेली. दादासाहेब मागाहून आले. त्यांनी कॅमेरा मांडला आणि चित्रीकरण कसे होते ते फौजदाराला करून दाखवले, तेव्हा कुठे सुटका झाली. एके काळी कॅमेऱ्याला भिणारे लोक त्यांनी पाहिले होते. आता तोच कॅमेरा त्यांच्या कामी आला.

सुमारे सात महिन्यांच्या कष्टांनंतर चित्रपट पूर्ण झाला. ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन चित्रपटगृहात तो लोकांना दाखवण्यात आला. चित्रपट मूक होता. हिंदी आणि इंग्रजी मजकूर पडद्यावर येई. लोकांनी तो पाहण्यासाठी गर्दी केली. मग दादासाहेब नाशिकला गेले. तेथे त्यांनी लंकादहन, श्रीकृष्णजन्म, कालियामर्दन असे चित्रपट काढले. कालियामर्दनमध्ये त्यांची छोटी मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली होती. पुढे बोलपटांचे युग आले आणि मूकपट मागे पडले. शेवटची वर्षे दादासाहेबांना गरिबीत काढावी लागली. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले. त्या वेळी फारच थोड्या लोकांना त्यांची आठवण होती.

देशाला मात्र पुढे त्यांचे मोल कळले. १९६९ सालापासून भारत सरकार चित्रपटक्षेत्रातील मोठ्या कलावंतांना दादासाहेब फाळके पुरस्कार देऊ लागले. गोरेगावच्या चित्रनगरीच्या दारावर त्यांचे नाव आहे. त्या बाजूला कधी गेलात, तर ते नाव जरूर वाचा. त्या वेळी कुंडीतला तो वाटाणा आठवा आणि रात्री अंधारात फिल्मला भोके पाडणाऱ्या सरस्वतीबाईही आठवा.

स्वाध्याय

१. गोध्रा येथील दुकान दादासाहेबांना का बंद करावे लागले?
२. दादासाहेबांची दृष्टी कशामुळे गेली?
३. वाटाण्याच्या रोपाचा चित्रपट त्यांनी कशासाठी काढला?
४. सरस्वतीबाईंनी कोणकोणती कामे केली, ते पाच ओळींत लिहा.
५. वाक्यात उपयोग करा : तोंडात बोटे घालणे, भारावून जाणे, मन रमणे.