मुलांच्या हाती पुस्तक देणारे साने गुरुजी



साने गुरुजींचे नाव ज्याने ऐकले नाही असा माणूस महाराष्ट्रात विरळाच. परंतु बहुतेकांना ते 'श्यामची आई' या एका पुस्तकापुरतेच ठाऊक असतात. येथे त्यांच्या जीवनाची जरा निराळी बाजू तुमच्यापुढे ठेवावयाची आहे. मुलांना स्वतः होऊन वाचावेसे वाटावे म्हणून या शिक्षकाने काय केले, ती बाजू. आपल्या दिंडोशीच्या वस्त्यांत घरी उर्दू, हिंदी किंवा कोकणी बोलणारे मूल मराठीचा धडा खडाखडा वाचून दाखविते, परीक्षेतही पार पडते. पण शाळा सुटल्यावर ते पुस्तक उघडीत नाही. अम्मी-अब्बांना वाटते, मूल वाचते आहे. प्रत्यक्षात ते फक्त धडा म्हणत असते.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणातील दापोलीजवळच्या पालगड गावी झाला. घराणे एके काळी खोतांचे, पण गुरुजींच्या वाट्याला आली ती गरिबी. दापोलीच्या शाळेत शिकत असता पैशाची ओढाताण झाली, तेव्हा गरीब विद्यार्थ्यांची सोय होते असे ऐकून हा मुलगा दूर औंध संस्थानात गेला आणि तेथे हाताने रांधून शिकला. पुढे पुण्यात शिक्षण चालू असताना १९१७ साली आई वारली.

'श्यामची आई'त दोन प्रसंग आहेत, ते पालकांनी मुद्दाम वाचावेत. एकात, रामरक्षेचे पुस्तक विकत घेता येत नाही म्हणून श्याम ते सबंध हाताने उतरून काढतो. दुसऱ्यात तो चक्क पैसे चोरतो, आणि तेही पुस्तकासाठी! आई त्याला सोडीत नाही, हे सांगावयास नकोच. पण पुस्तकाची भूक किती तीव्र असू शकते, आणि घरात पुस्तक नसले म्हणजे मुलाच्या जिवाची कशी तगमग होते, हे त्या पानांतून जेवढे कळते तेवढे शिक्षणशास्त्राच्या जाड ग्रंथातून कळत नाही.

एम. ए. झाल्यावर १९२४ साली गुरुजी खानदेशात अमळनेर येथील शाळेत शिक्षक झाले. तीच शाळा पुढे प्रताप हायस्कूल म्हणून नावारूपास आली. तेथे ते अवघी सहा वर्षे होते. परंतु शिक्षक म्हणून त्यांचे सारे वैशिष्ट्य या सहा वर्षांत दिसते. त्यांच्याकडे वसतिगृह सोपविलेले होते. खेड्यापाड्यांतून आलेली मुले खोल्या अस्ताव्यस्त टाकून शाळेत जात. गुरुजी त्यांना रागे भरले नाहीत. ते स्वतः खोल्या झाडू लागले, कपड्यांच्या घड्या घालू लागले. मुले ओशाळली आणि हळूहळू आपली कामे आपण करू लागली.

वाचनाच्या बाबतीतही त्यांनी हाच मार्ग धरला. वाचा, वाचा असे सांगत बसण्याऐवजी त्यांनी मुलांसाठी स्वतः लिहावयास घेतले. 'छात्रालय' नावाचे हस्तलिखित दैनिक ते काढीत. दैनिक, हे लक्षात घ्या! दिवसभर वर्गात शिकवायचे, मुलांचे दुखलेखुपले पाहायचे, आणि वर रोजचा नवा अंक आपल्या हाताने लिहावयाचा. वसतिगृहातल्या गोष्टींपासून जगातील घडामोडींपर्यंत, थोरांच्या चरित्रांपासून काव्यापर्यंत सारे त्यात येई. आज काय लिहिले आहे, आपल्याविषयी काही आहे का, या उत्सुकतेने जो मुलगा कागदापाशी येतो त्याला वाचनाची गोडी लावावी लागत नाही. १९२८ मध्ये त्यांनी 'विद्यार्थी' हे मासिकही सुरू केले. मुलांना देण्याजोगे मराठीत फारसे नाही अशी तक्रार करणारे पुष्कळ होते. गुरुजींनी ती उणीव आपल्या परीने भरून काढली. पुष्कळ शाळांत आजही पुस्तके कपाटात कुलूपबंद असतात, हरवतील म्हणून. फाटलेले पुस्तक हे वाचलेले पुस्तक असते, हे आपल्या व्यवस्थापकांच्या गळी कधी उतरणार?

१९३० साली नोकरी सोडून गुरुजी स्वातंत्र्याच्या चळवळीत उतरले. मग तुरुंगवास सुरू झाला, आणि तुरुंगातच त्यांची लेखणी सर्वाधिक चालली. त्रिचनापल्लीच्या तुरुंगात दाक्षिणात्य सोबत्यांच्या सहवासात 'आंतरभारती'ची, म्हणजे भारतीयांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात ही कल्पना त्यांच्या मनात रुजली. नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी १९३३ मध्ये अवघ्या पाच दिवसांत 'श्यामची आई' लिहून झाली. ती १९३५ साली प्रसिद्ध झाली. 'इस्लामी संस्कृती' हे पुस्तकही त्यांच्या कारावासातलेच. अरबस्तानची व हजरत पैगंबरांच्या जीवनाची कहाणी मराठी वाचकाला आपलेपणाने समजावी, हा त्यामागचा हेतू. ते त्यांच्या मृत्यूनंतर छापले गेले. आपल्या किती ग्रंथालयांत ते आहे?

परदेशी कादंबऱ्या त्यांनी 'गोड गोष्टी'च्या रूपाने मुलांसाठी मराठीत आणल्या. शब्दाला शब्द ठेवण्याचा हट्ट त्यांना नव्हता. जॉर्ज एलियट या इंग्रज लेखिकेचा विणकर सायलस मार्नर त्यांच्या हाती 'मनूबाबा' झाला आणि परका वाटेनासा झाला. त्यांच्या लेखनात अश्रू फार, अशी टीका होते. ती अगदीच खोटी नाही, आणि आजच्या काही मुलांना ते ओलसर वाटेलही. परंतु मुलाला पुढचे पान उलटावेसे वाटते की नाही, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

पंढरपूरचे विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून त्यांनी मे १९४७ मध्ये उपोषण केले व ते यशस्वी झाले. १५ ऑगस्ट १९४८ रोजी 'साधना' साप्ताहिक सुरू केले. पुतणी सुधा हिला लिहिलेली त्यांची 'सुंदर पत्रे' याच अखेरच्या काळातली. पशुपक्षी, फुले, देशोदेशीच्या वार्ता, सारे एका मुलीशी गप्पा माराव्या तसे. मन मात्र आतून खचत होते. ११ जून १९५० रोजी त्यांनी आपल्या हाताने जीवनयात्रा संपविली. वय पन्नास.

त्यांच्यामागून १९५१ साली प्रकाशभाई मोहाडीकरांच्या पुढाकाराने साने गुरुजी कथामाला सुरू झाली आणि शाळाशाळांतून मुलांना गोष्टी सांगितल्या जाऊ लागल्या. दिंडोशीत नागरी निवारा वसाहत उभी करण्यात पुढे असलेल्या मृणाल गोरे गुरुजींना प्रिय असलेल्या राष्ट्र सेवा दलातच घडलेल्या. २०१५ पासून डॉ. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस, १५ ऑक्टोबर, राज्यात 'वाचन प्रेरणा दिन' म्हणून साजरा होतो. तो दिवस चांगलाच. पण 'छात्रालय' रोज निघत असे.

पालकहो, २०१० अखेर गुरुजींच्या हयातीत छापलेल्या पुस्तकांवरील हक्काची मुदत संपली. 'गोड गोष्टी'तले एखादे प्रकरण मोठ्या अक्षरांत छापून शाळेने वाटले तरी कोणाची परवानगी लागत नाही. पाचवी-सहावीच्या मुलांना तेथूनच सुरुवात करून द्या. जरा मोठ्यांसाठी 'श्यामची आई' आहे. त्यात श्याम आपल्या सोबत्यांना रोज रात्री एकेक आठवण सांगतो, आणि प्रकरणांना नावेही रात्रींचीच आहेत. ज्या अम्मीला मराठी वाचता येत नाही तिने मुलाला जेवणानंतर एक रात्र मोठ्याने वाचावयास सांगावे आणि आपण ऐकावे. अडले तर मुलाने तिला अर्थ सांगावा. एकूण रात्री ४२ आहेत, म्हणजे बरोबर सहा आठवडे.