देवमाशांचे कप्तान : रेव्हरंड विल्यम स्कोर्सबी

वऱ्हाडांत समुद्र नाहीं. आमच्या चांदूर रेल्वेच्या स्टेशनावरून मुंबईकडे गाड्या रोज जातात. परंतु त्या जेथें पोंचतात तो समुद्र येथून सुमारें सातशें किलोमीटर दूर. आमच्या विद्यार्थ्यांची पाण्याशीं ओळख व्हावयाची ती मळ्यांतील विहिरींत. बुडी मारून तळचा खडा वर आणील तो पोरांमध्यें मोठा वीर. आणि तो वीरहि मिनिटा-दीड मिनिटांत धापा टाकीत वर येतो. म्हणून 2023 च्या नोव्हेंबर महिन्यांत रत्नागिरी जिल्ह्यांतील गणपतीपुळ्याच्या वाळूंत देवमाशाचें एक पिल्लू अडकून पडल्याची बातमी आली, तेव्हां वर्गांत प्रश्नांची सरबत्ती झाली. ग्रामस्थ, मच्छीमार व सरकारी खात्यांची माणसें यांनीं खपून त्या पिल्लाच्या अंगावर पाणी ओतलें, त्यास ओढून पुन्हा खोल पाण्यांत सोडलें. तरी अखेरीस तें वांचलें नाहीं. एका मुलानें विचारलें कीं, जो प्राणी आपल्यासारखा हवेंतच श्वास घेतो, तो हवेंत येऊन मरतो कां?

प्रश्न मार्मिक होता. देवमासा हा मासा नव्हेच. तो उष्ण रक्ताचा, पिल्लांस दूध पाजणारा प्राणी आहे. पाण्यांत त्याचा प्रचंड देह पाणीच तोलून धरतें. वाळूवर तो आधार गेला कीं स्वतःच्याच भारानें त्याचीं फुफ्फुसें दडपतात, आणि थंडीपासून रक्षण करणारा चरबीचा थर उन्हांत त्याला आंतल्या आंत शिजवूं लागतो. हें उत्तर आम्हीं दिलें. परंतु देवमासा कसा पोहतो, कसा बुडतो, एवढें बळ कोठून आणतो, हें शोधण्यास ज्यांनीं आरंभीं आरंभीं डोळसपणें सुरुवात केली त्या पुरुषाची गोष्ट सांगितल्याशिवाय तें उत्तर पुरें होत नाहीं, असें आम्हांस वाटलें. तीच येथें सांगतों.

विल्यम स्कोर्सबी यांचा जन्म 5 ऑक्टोबर 1789 रोजीं इंग्लंडांतील यॉर्कशायर परगण्यांत क्रॉप्टन या खेड्यांत झाला. वडिलांचें नांवहि विल्यमच. ते शेतकऱ्याच्या घरांतून निघून व्हिटबी बंदरांतील देवमाशांच्या शिकारी जहाजावर चढले व स्वतःच्या हुशारीनें कप्तान झाले. डोलकाठीच्या टोंकाला पिंप बांधून त्यांत टेहळ्या बसविण्याची युक्ति त्यांचीच. 1800 सालीं त्यांचें ‘डंडी’ जहाज उत्तरेकडे निघालें, तेव्हां दहा वर्षांचा विल्यम जहाज पाहावयास म्हणून वर गेला आणि परतण्याच्या वेळीं कोठें तरी दडून बसला, असें चरित्रकार सांगतात. वडिलांनीं त्यास परत धाडलें नाहीं. (आमच्या विद्यार्थ्यांनीं हा कित्ता गिरवूं नये, गाडीच्या डब्यांत दडून बसणाऱ्यास तिकीट-तपासनीस कप्तान करीत नाहीं.)

त्या काळीं देवमाशाच्या चरबीचें तेल म्हणजे दिव्याचा उजेड व यंत्रांचें वंगण. त्याच्या तोंडांतील चिवट पट्ट्याहि विकल्या जात. उन्हाळ्याच्या आरंभीं निघावें, ग्रीनलंड व स्पिट्सबर्गेन यांच्यामधील बर्फाळ समुद्रांत शिकार करावी आणि शरद् ऋतूच्या आंत परतावें, असा धंद्याचा क्रम होता. 1806 सालीं बापलेकांचें ‘रेझोल्यूशन’ जहाज 81 अंश 30 कलांपर्यंत उत्तरेस गेलें. इतक्या उत्तरेस तोंवर कोणी मोजमाप करून पोंचल्याची नोंद नव्हती. पुढें 21 वर्षें हा विक्रम टिकला. त्याच वर्षीं हिंवाळ्यांत विल्यम एडिंबरोच्या विद्यापीठांत जाऊन बसले. उन्हाळ्यांत दोरी-भाला आणि हिंवाळ्यांत रसायन व सृष्टिशास्त्र, असा त्यांचा दुहेरी अभ्यास होता. प्राध्यापक जेमसन यांनीं या तरुण खलाशास ओळखलें व जें जें दिसेल तें तें टिपून ठेवण्यास सांगितलें. विल्यमनीं तें अक्षरशः पाळलें. वयाचीं 21 वर्षें पुरीं होतांच, 1811 सालीं ते ‘रेझोल्यूशन’चे कप्तान झाले, त्याच वर्षीं त्यांचा विवाह झाला.

कप्तानाच्या खोलींत आतां तापमापक, सूक्ष्मदर्शक, रोजनिशी व चित्रांची वही यांचा संसार मांडला गेला. हिमाचे कण कसकशा आकृत्यांचे असतात याचीं त्यांनीं काढलेलीं चित्रें प्रसिद्ध आहेत. खोल समुद्रांतील पाणी वर आणण्याचें एक यंत्र त्यांनीं वापरलें आणि आश्चर्य असें दिसलें कीं, त्या बर्फाळ समुद्रांत खालचें पाणी वरच्यापेक्षां कांहीं अंशांनीं ऊबदार असतें.

परंतु आमच्या वाचकांस हवा आहे देवमासा. स्कोर्सबींनीं ज्यांच्या शिकारींत स्वतः भाग घेतला अशा 322 देवमाशांचा हिशेब दिला. त्यांपैकीं एकहि त्यांच्या मतें 60 फुटांहून लांब नव्हता. स्वतः मोजलेला सर्वांत मोठा 58 फुटांचा. बंदरोबंदरीं शंभर-दोनशें फुटांच्या गप्पा चालत असतां माणसानें दोरी घेऊन मोजमाप करावें आणि आपल्याच धंद्याची फुशारकी कमी करावी, हा गुण आम्हांस विशेष वाटतो. देवमासा डोक्यांतून पाण्याचें कारंजें उडवितो हाहि समज त्यांनीं खोडून काढला. ती वाफ असते. थंडींत सकाळीं आपल्या तोंडून निघते तशीच, फक्त देहाच्या मानानें मोठी.

पोहण्याबद्दलहि त्यांनीं बारकाईनें लिहिलें. बाजूचे दोन पर तोल सांभाळण्यास व वळण्यास. पुढें ढकलण्याचें काम शेपटीचें. ही शेपटी 18 ते 26 फूट रुंद, आणि ती माशासारखी उभी नसून आडवी. मासा शेपूट डावी-उजवी हालवितो. देवमासा व डॉल्फिन खालींवर हालवितात. हें असें कां, याचें उत्तर स्कोर्सबींच्या काळीं नव्हतें. आतां आपणांस माहीत आहे कीं, देवमाशांचे पूर्वज चार पायांचे, जमिनीवर वावरणारे प्राणी होते. धांवतांना कुत्र्याचा कणा खालींवर वांकतो तशीच ही चाल. त्या पूर्वजांच्या वंशाचे पाषाणरूप अवशेष आपल्याच देशांत कच्छांत व काश्मीरच्या बाजूस सांपडले आहेत.

भाला लागलेला देवमासा सरळ तळाकडे धांव घेई. होडीच्या तोंडावरून सुटणारी दोरी घर्षणानें धुमसूं लागे व तीवर सारखें पाणी ओतावें लागे. किती दोरी गेली यावरून खोली कळे. 800 वांव, म्हणजे 4800 फूट खोलीवर एका देवमाशाच्या सर्वांगावर पाण्याचा किती दाब पडेल, याचें गणित स्कोर्सबींनीं मांडलें. कातडीचें क्षेत्र 1540 चौरस फूट धरून उत्तर आलें 2,11,200 टन! शिबंदी व सहा महिन्यांची शिधासामग्री भरलेल्या साठ मोठ्या लढाऊ जहाजांहूनहि हा भार अधिक, असें त्यांनीं ताडून पाहिलें. आमच्या वरच्या वर्गांतील मुलांनीं हें गणित स्वतः करून पाहावें. समुद्राच्या पाण्याचा एक घनफूट 64 पौंड धरला कीं झालें. देवमाशानें खोल ओढून नेलेली होडी वर येई ती दगडासारखी जड झालेली, हा शिकाऱ्यांचा अनुभव होता. स्कोर्सबींनीं निरनिराळ्या लांकडांचे तुकडे शेंकडो वांव खालीं सोडून पाहिले. दाबानें पाणी रंध्रारंध्रांत शिरून तेंच लांकूड वर आल्यावर पाण्यांत बुडूं लागलें.

मग देवमासा कसा टिकतो? त्याच्या बरगड्या लवचिक असतात. दाबानें छाती दबते, फुफ्फुसें मिटतात, पण मोडत कांहीं नाहीं. आपण बुडी मारतांना छाती भरून घेतों व त्यावर भिस्त ठेवतों. देवमाशाची भिस्त फुफ्फुसांवर नसून रक्तावर व स्नायूंवर आहे. त्याच्या स्नायूंत मायोग्लोबिन नांवाचें द्रव्य विपुल असतें आणि प्राणवायूचा सांठा तेथें होतो. म्हणूनच त्याचें मांस काळपट तांबडें दिसतें. शिवाय बुडी मारतांच हृदयाचे ठोके मंदावतात. 2019 सालीं शास्त्रज्ञांनीं निळ्या देवमाशाच्या अंगावर यंत्र चिकटवून ठोके मोजले, तेव्हां खोल पाण्यांत ते मिनिटाला दोनापर्यंत उतरलेले दिसले, तर पृष्ठभागावर तीसच्या पुढें गेलेले. चोंच असलेल्या देवमाशांची एक जात तर 2992 मीटर खोल गेल्याची, आणि त्याच जातीचा एक प्राणी 3 तास 42 मिनिटें वर न आल्याची नोंद आहे. आमच्या विहिरींतील वीरांनीं याची स्पर्धा करूं नये.

शक्ति वांचविण्याची त्याची रीतहि पाहण्याजोगी आहे. फुफ्फुसें दबलीं कीं निळा देवमासा किंवा डॉल्फिन पाण्याहून जड होतो. मग शेपूट न हालवितां तो खालीं घसरत जातो आणि मेहनत परतीसाठीं राखून ठेवतो. उलट अंगांत चरबी भरलेल्या कांहीं जाती पाण्यावर तरंगणाऱ्या. त्यांस खालीं जातांना कष्ट, पण वर येतांना त्या आयत्या तरंगत येतात. 1936 सालीं केंब्रिजच्या जेम्स ग्रे यांनीं हिशेब केला कीं, डॉल्फिन ज्या वेगानें पोहतो त्यासाठीं त्याचे स्नायू सातपट बळकट हवेत. या कोड्यानें विद्वानांस पुष्कळ वर्षें छळलें. शेवटीं स्नायूंचें बळच कमी धरलें गेलें होतें असें ठरलें.

आतां एक प्रसंग, जो आम्हीं वगळला असता तर कथा सोपी झाली असती. 1811 च्या जून महिन्यांत स्कोर्सबींच्या एका भालेकऱ्यानें देवमाशाच्या दूधपित्या पिल्लास भाला मारला. हेतु हा कीं, पिल्लामागें आई येईल. ती आली. पिल्लास परानें धरून तिनें शंभरेक वांव दोरीसकट ओढून नेलें. मग ती पुन्हा वर आली व होड्यांची पर्वा न करतां वेड्यासारखी इकडून तिकडे धांवूं लागली. तिला पळून जातां आलें असतें. ती गेली नाहीं, आणि मारली गेली. स्कोर्सबींनीं हें सर्व लपविलें नाहीं. आईच्या मायेपुढें माणसाचें मन द्रवतें हें त्यांनीं लिहून ठेवलें, आणि त्याच ठिकाणीं शिकारीचा लाभ व खलाशांची पोटापाण्याची गरज यांचीहि कबुली दिली. त्यानंतर बारा वर्षें त्यांनीं तो धंदा केला. रविवारीं शिकार करावयाची नाहीं असा नियम त्यांनीं आपल्या जहाजावर घातला होता. सोमवारीं ती चालूच होती. आम्हांस त्यांचा निवाडा करावयाचा नाहीं, पण हा भाग वाचतांना जीव अडखळतो खरा. त्या शिकारीमुळें स्पिट्सबर्गेनच्या बाजूचे ते देवमासे जवळजवळ नाहींसे झाले. आज तेथें कांहीं शेंकडा उरले आहेत. ही जात दोनशें वर्षांहून अधिक जगते असें अलीकडे आढळलें आहे. तेव्हां स्कोर्सबींच्या होड्यांपासून निसटलेलें एखादें पिल्लू पुढें आपल्या शतकाच्या उंबरठ्यापर्यंत जगलें असेल, हें अशक्य म्हणतां येत नाहीं.

1817 सालीं त्यांनीं सर जोसेफ बँक्स यांस कळविलें कीं, ग्रीनलंडकडील बर्फ पुष्कळ हटलें आहे. त्यावरून सरकारनें उत्तर ध्रुवाकडे मोहिमा धाडल्या. परंतु स्कोर्सबी नौदलाचे अधिकारी नसल्यानें नेतृत्व त्यांस मिळालें नाहीं. ज्यानें वाट सांगितली तो घरीं राहिला. त्यांनीं तक्रारीऐवजीं 1820 सालीं उत्तर-समुद्राविषयीं आपला दोन भागांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. 1822 मध्यें ‘बॅफिन’ जहाजावरून त्यांनीं ग्रीनलंडच्या पूर्व किनाऱ्याचा नकाशा तयार केला. तेथील एका विशाल खाडीस वडिलांचें नांव दिलें, तें आजहि चालतें. या सफरीहून घरीं येतात तों पत्नी निवर्तल्याची वार्ता पुढें उभी.

1823 नंतर त्यांनीं समुद्र सोडला. 1824 सालीं रॉयल सोसायटीनें त्यांस सभासद केलें. 1825 सालीं त्यांस पाळकपदाची दीक्षा मिळाली. लिव्हरपूल येथें त्यांनीं खलाशांच्या मंदिरांत सेवा केली. 1839 पासून 1847 पर्यंत ब्रॅडफर्ड या गिरण्यांच्या गांवीं ते मुख्य पाळक होते. तेथें त्यांनीं गरिबांच्या मुलांसाठीं शाळा काढल्या.

पण शास्त्र सुटलें नाहीं. 1846 सालीं त्यांनीं मँचेस्टरच्या जेम्स जूल यांच्याबरोबर एक निबंध लिहिला. वाफेचें यंत्र, विद्युच्चुंबकाचें यंत्र आणि घोडा यांस जळण किंवा दाणावैरण किती लागतें व काम किती मिळतें, याची ती तुलना. निष्कर्ष असा कीं, प्राण्याचा देह हें त्या काळच्या उत्तम वाफेच्या यंत्रापेक्षांहि काटकसरी यंत्र आहे. आमच्या भागांतील शेतकरी बैलापुढें कडबा व सरकीची ढेप टाकतांना हाच हिशेब मनांत करतो. जूल व स्कोर्सबींनीं तो तराजूनें केला.

लोखंडी जहाजांवर होकायंत्र चुकतें व जहाजें फसतात, ही चिंता त्यांस अखेरपर्यंत होती. 1856 सालीं, वयाच्या 66 व्या वर्षीं, ते ‘रॉयल चार्टर’ या लोखंडी जहाजानें ऑस्ट्रेलियास जाऊन आले, तें केवळ होकायंत्र तपासण्यासाठीं. लोखंडापासून दूर, डोलकाठीवर उंच ठेवलेलें होकायंत्र अधिक विश्वासाचें, असें त्यांचें मत होतें. परतल्यावर प्रकृति ढांसळली. 21 मार्च 1857 रोजीं टॉर्की येथें त्यांचें देहावसान झालें. त्यांच्या रोजनिश्या व कागदपत्रें व्हिटबीच्या संग्रहालयांत जपून ठेविलीं आहेत.