कै. हरि नारायण आपटे : नेमाने लिहिणारा लेखक

परीक्षागृहात घंटा होते, प्रश्नपत्रिका हाती येते आणि निबंधाचा विषय वाचताच कित्येक विद्यार्थ्यांचे चेहरे उतरतात. पाठ केलेला निबंध भलत्याच विषयावरचा असतो. घड्याळ मात्र कोणासाठी थांबत नाही. लेखन ही उपजत देणगी असून ती आपणांस लाभली नाही, अशी समजूत मग मुले करून घेतात. ती कितपत खरी आहे हे पाहण्यासाठी कै. हरि नारायण आपटे यांचे चरित्र आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

हरिभाऊंचा जन्म 8 मार्च 1864 रोजी खानदेशात पारोळे येथे झाला. त्यांचे बालपण मुंबईत व पुढील आयुष्य पुण्यात गेले. म्हणजे आमचे अंबरनाथ ज्या लोहमार्गावर आहे, तो जोडतो त्याच दोन शहरांत. पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक व आगरकर यांच्यासारखे गुरू त्यांना लाभले. इंग्रजी, संस्कृत व मराठी ग्रंथांच्या वाचनाचा त्यांना मोठा नाद होता. 1882 साली विष्णुशास्त्री निवर्तले, तेव्हा या अठरा वर्षांच्या शिष्याने 'शिष्यजनविलाप' हे काव्य रचले. पुढे आगरकरांनी केलेले 'हॅम्लेट'चे भाषांतर 'विकारविलसित' प्रसिद्ध होताच त्यावर त्यांनी 72 पृष्ठांचे परीक्षण लिहिले. दोन्ही प्रसंग अकस्मात आले. परंतु वाचनाची शिदोरी आधीच बांधलेली असल्यामुळे लेखणी अडली नाही.

महाविद्यालयात मात्र त्यांना यश आले नाही. पदवीवाचूनच त्यांनी शिक्षण सोडले. एका परीक्षेत मुलगा मागे पडला की सर्वस्व बुडाले असे मानणाऱ्या पालकांनी ही गोष्ट ध्यानी धरावी.

1885 साली 'मधली स्थिती' ही त्यांची कादंबरी 'पुणेवैभव' पत्रातून क्रमशः येऊ लागली. 1890 साली त्यांनी 'करमणूक' हे साप्ताहिक काढले व सुमारे सत्तावीस वर्षे चालविले. साप्ताहिक म्हणजे दर आठवड्यास येणारी परीक्षाच होय. प्रकृती बरी असो वा नसो, मन प्रसन्न असो वा खिन्न, छापखान्यास मजकूर हवाच. याच पत्रातून 1890 पासून 1893 पर्यंत 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी प्रसिद्ध झाली आणि यमू नावाच्या बालविधवेचे दुःख घरोघर पोहोचले. 'उषःकाल' ही शिवकालावरील कादंबरीही येथेच अवतरली. शिवाय आनंदाश्रम संस्थेची व्यवस्था आणि पुणे नगरपालिकेचे काम हे व्याप होतेच. सवड मिळेल तेव्हा लिहू, असे म्हणून ते बसते, तर यांतील फार थोडे हाती आले असते.

या नेमाची दुसरी बाजूही आम्ही लपवीत नाही. हप्त्याहप्त्याने वाढणाऱ्या त्यांच्या कथांत पाल्हाळ शिरला, असे टीकाकार म्हणतात. आणि त्यांच्या काही कादंबऱ्या अपुऱ्याच राहिल्या. एवढ्या थोर लेखकाची ही गत, तर अर्ध्या तासात निबंध लिहिणाऱ्याने किती सावध असावे! प्रस्तावनेतच दोन पृष्ठे भरणारा विद्यार्थी शेवटाशी पोहोचतच नाही.

येथे आम्हांस आमचाही दोष कबूल केला पाहिजे. कित्येक वर्षे आम्ही वर्गात तयार निबंध उतरवून दिले व मुलांनी ते पाठ केले. त्यामुळे वह्या भरल्या, पण लेखणी पांगळी राहिली. आता आम्ही आठवड्यातून एकदा अनोळखी विषय फळ्यावर लिहितो. पहिली पाच मिनिटे मुलांनी केवळ विचार करावा, चार मुद्दे टिपावे आणि शेवट काय करावयाचा तो आधी ठरवावा. वीस मिनिटे लिहावे. उरलेल्या पाच मिनिटांत स्वतःचे लेखन वाचून चुका सुधाराव्या. आरंभी मुले कुरकुरतात, पुढे सवय होते.

3 मार्च 1919 रोजी, पंचावन्नावे वर्ष पुरे होण्यास पाच दिवस उरले असता, हरिभाऊंनी इहलोक सोडला. पालकांस आमची विनंती एवढीच की, घरी रोज थोडे वाचन व आठवड्यास एक पृष्ठ लेखन मुलांकडून करवून घ्यावे. मग परीक्षागृहातील घंटेचे भय त्यांना उरणार नाही.